वरची फळी

मंगळवारी सकाळी पावणेदहाला मला अरगट हा शब्द आठवला नाही. शब्द न आठवणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. माझ्या नवऱ्याला, डेलला, दिवसाला असे दहा आठवत नाहीत आणि तो सुखाने जेवतो. पण मी चोवीस वर्षं या थंडर बे गावात धान्य तपासते आहे. मैदानांतून गव्हाच्या मालगाड्या येतात, सरोवराकाठच्या उंच कोठारांत रित्या होतात, आणि जहाजात जाण्याआधी त्यातला थोडा गहू माझ्या ताटात येतो. त्यातला उंदराच्या लेंडीसारखा काळा, लांबट, विषारी दाणा बोटाने बाजूला सारायचा आणि त्याचं नाव कागदावर लिहायचं, हे काम किर्स्ती झोपेतसुद्धा करील अशी माझी ख्याती. त्या सकाळी दाणा बोटाखाली होता आणि नाव नव्हतं. डोक्यात जिथे ते असायचं तिथे चाचपलं तर नुसतीच भिंत लागली. शेजारच्या टेबलावरची ब्रॉन्विन, जी माझ्याच हाताखाली शिकली, वाकून बघत म्हणाली, "अरगट आहे गं. आणि हे दोन? हे तर तू गव्हातच सोडलेस." खरंच दोन काळे दाणे मी चांगल्या गव्हात सोडले होते. "चष्मा बदला आता, आजीबाई," ती हसली. मीही हसले. हसता हसताच ते सुरू झालं. पोटातून वर, छातीतून गळ्याकडे, कानांच्या पाळ्यांपर्यंत, कुणीतरी आतून चूल पेटवल्यासारखं. मी बाथरूममध्ये गेले, मनगटं गार पाण्याखाली धरली आणि आरशात न बघता उभी राहिले. भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे दुसरं काय आहे? गाणं येत नाही, स्वयंपाक बेताचा, बोलणं तुटक. नजर आणि नाव, एवढ्या दोन गोष्टींवर माझं पोट आणि माझी ऐट चालते.

घरी कपाटात, लोकरी मोज्यांच्या खाली, सहा आठवडे एक पाकीट पडून होतं. डॉक्टर मिशोंनी लिहून दिलेल्या हार्मोनच्या पट्ट्या, नखाएवढ्या नाहीत पण टपाल तिकिटाएवढ्या, पारदर्शक. आठवड्यातून दोनदा बदलायच्या, पोटाखाली कातडीवर चिकटवायच्या आणि झोपताना सोबत एक गोळी. डॉक्टर मिशो चांगली बाई, घड्याळाकडे न बघणारी. मी तिला सगळं सांगितलं होतं. वर्षभर सलग चार तास झोप नाही. पाळी कधी दोन महिने गायब, कधी पंधरा दिवसांत दोनदा. डेलने सिंकमध्ये कप ठेवला म्हणून मी तो कप भिंतीवर फोडला, आणि मग तुकडे गोळा करताना रडले, आणि रडते म्हणून डेलने पाठीवर हात ठेवला तेव्हा त्याला म्हटलं, हात काढ, भाजतंय. तिने सगळं लिहून घेतलं. मग मी आईचं सांगितलं आणि तिचं पेन थांबलं. "तुमच्या आईच्या वेळच्या गोळ्या आणि ही पट्टी एकच नाही," ती म्हणाली. "तरी धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. हजार बायकांमागे थोड्या जास्त जणींना गाठ येते, आणि तुमच्या घरात आधी होऊन गेलंय. मी देऊ शकते. तपासण्या नियमित करू. पण घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं." मी म्हटलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?" ती म्हणाली, "मी तुमच्या जागी नाही." मला तेव्हा राग आला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गोष्ट हातात देऊन ही बाई वर म्हणते, ठरवा. औषधाच्या दुकानातला माणूस मात्र गमतीचा निघाला. पट्टीवर उष्णता नको, शेकायची पिशवी नको, सौनाची वाफ तर नकोच, असं त्याने वाचून दाखवलं आणि मग माझं आडनाव बघून म्हणाला, "अरेच्चा. तुम्ही फिनिश लोक काय करणार मग?"

आई पन्नाशीला आली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मला ती बाई आवडत नसे. हेल्वी तिचं नाव. जानेवारीत, उणे तीस अंशांत, ती अंगणात उभ्या गाडीत बसायची, इंजिन बंद, कोटाची बटणं उघडी, काच खाली. मी खिडकीतून बघायची. शेजारचेही बघायचे. एकदा तव्यावरच्या धिरड्यासकट तिने तवा बर्फात भिरकावला, कारण तार्याने, माझ्या मोठ्या बहिणीने, जाम कुठाय असं दुसऱ्यांदा विचारलं होतं. मला ती एकदा म्हणाली, "तू नसतीस तर बरं झालं असतं," आणि मग तिच्याच तोंडाकडे हात नेऊन अशी उभी राहिली जणू ते वाक्य दुसऱ्या कुणी तिथे ठेवून गेलं होतं. चार वर्षं असं चाललं. मग कुठल्याशा डॉक्टरने तिला गोळ्या दिल्या, तेव्हा सगळ्यांनाच देत असत, आणि एका हिवाळ्यात आई परत आली. मी दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही. ती परत आली. हॉलमधल्या नाचाला जायला लागली, मोटरबोट चालवायला शिकली, वेलदोड्याच्या पावाची वेणी घालताना शिट्टी वाजवायची. आठ वर्षं. मग दोन हजार दोनच्या जुलैमध्ये बातम्यांत आलं की या गोळ्यांनी छातीचा कॅन्सर होतो. मी सत्तावीस वर्षांची, नोकरी लागून दोन वर्षं झालेली, घरातली शिकलेली. आई तेव्हा तळ्यावरच्या लाकडी घरात होती, ज्याला इथे सगळे कॅम्पच म्हणतात. मी फोन केला. "आई, त्या गोळ्या आत्ताच्या आत्ता फेकून दे." मागे पाणकोळ्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बरं." आमच्या लोकांत बरं या शब्दात सगळं बसतं, लग्नाला होकारापासून मरणाच्या बातमीपर्यंत. मी फोन ठेवला आणि मला वाटलं, वाचवलं मी तिला. दोन वर्षांनी गाठ सापडली. त्यानंतर चार वर्षांनी ती गेली. तार्याने निकाल देऊन टाकला, गोळ्यांनी मारलं, आणि त्या दिवसापासून ती डोकेदुखीची गोळीसुद्धा संशयाने बघते. तिचं स्वतःचं हे वय आलं तेव्हा तिने एक पंखा विकत घेतला आणि नवरा सोडला. "निघतात दिवस," ती मला सांगायची, "दात आवळायचे." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; मी तिला दोष देत नाही.

बुधवारी सकाळी मी पट्टी लावली. ठरवून नाही, ते दोन काळे दाणे डोळ्यांपुढून जाईनात म्हणून. लावली आणि दिवसभर पँटच्या कमरेवरून तिला चाचपत राहिले. काही झालं नाही. गुरुवारी काही झालं नाही. शुक्रवारी मी साडेपाच तास झोपले आणि उठून इतकी घाबरले की आंघोळ करताना डावी छाती तीनदा दाबून पाहिली. औषध इतक्या लवकर लागूही पडत नसेल, नुसता योगायोग. पण झोप लागली हे गोड वाटलं, आणि गोड वाटलं म्हणून लाज वाटली. आईलाही असंच गोड वाटलं असणार. मग शनिवार आला, आणि शनिवारी आम्ही सौनात, तापल्या दगडांच्या वाफेच्या न्हाणीघरात, जातो. घरात मयत असलं तरी जातो. खरं तर मयत असलं की आधी जातो, जुने लोक मढ्याला तिथेच न्हाऊ घालायचे. आईचा कॅम्प आता तार्याकडे आहे. नोव्हेंबर, तळ्याच्या कडेने पातळ बर्फ धरलेला, दुपारचे साडेचार आणि उजेड संपत आलेला. डेल घरात सॉसेज भाजत बसला. इम्पी मावशी, आईची मोठी बहीण, सत्त्याऐंशीची, काठी टेकत आधीच बाहेरच्या खोलीत जाऊन कपडे उतरवायला लागली होती. तेव्हा मला सुचलं की आत आपण सगळ्या उघड्या असणार. म्हणजे सुचलं असं म्हणवत नाही, जन्मभर दर शनिवारी आम्ही उघड्याच असतो. पण या वेळी माझ्या अंगावर लपवायचं काहीतरी होतं. मी कोपऱ्यात तोंड करून पट्टी सोलली. परत लावता येईल म्हणून चिकट बाजू वर करून बाकावर ठेवली, कागदात गुंडाळू म्हटलं. इतक्यात तार्याने आतून हाक मारली, "पाण्याची बादली आण गं," आणि मी बादली उचलून आत गेले. पट्टी डोक्यातून साफ गेली. नावं जातात तिकडेच.

आत वरच्या फळीवर आम्ही तिघी नेहमीच्या जागी बसलो: भिंतीकडे इम्पी, मध्ये तार्या, दाराकडे मी. पलीकडची चौथी जागा आईची, तिथे आता अंगावर मारायच्या भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी ठेवतात. तार्याने ओगराळंभर पाणी चुलीवरच्या दगडांवर टाकलं, वाफ छताला लागून पाठीवर उतरली, आणि कुणी काही बोललं नाही, कारण इथे बोलायचं नसतं. चर्चमध्ये वागतो तसं सौनात वागायचं, ही आमची लहानपणची शिकवण. भांडण, राजकारण, पैसा, सगळं दाराबाहेर. माझ्या आत ती दुसरी चूल पेटली की बाहेरची लागते आहे हे मला कळेना, आणि कळत नाही याचं बरं वाटलं. साऱ्या गावात हीच एक जागा होती जिथे मी घामाने निथळले तरी कुणी विचारत नाही. मग इम्पीने मांडी बदलली आणि तार्या म्हणाली, "मावशी, हे काय चिकटलंय तुला?"

मोजे काढायला मावशी बाहेरच्या बाकावर टेकली होती. तिच्या सुरकुतलेल्या मांडीच्या मागे, चकाकत, माझी पट्टी. मावशीने मान वळवून बघायचा प्रयत्न केला. "कसली गं? जखम झालीय का मला?" तार्याने ती सोलून काढली, दिव्यापाशी धरली. त्यावर बारीक अक्षरं असतात. तिने ती वाचली, आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या पोटाखाली जिथे पट्टीचा चौकोनी, किंचित लाल ठसा होता तिथे बघितलं. "माझं नाही हे," इम्पी निरागसपणे म्हणाली, "या वयात मला कोण देतंय?" मला हसू फुटलं, भलत्या वेळी, आणि ते थांबेना. तार्याचा चेहरा दगडासारखा झाला. तिने पट्टी बादलीच्या कडेवर चिकटवली आणि ओगराळं भरलं.

एक ओगराळं. दुसरं. तिसरं. ती बोलू शकत नव्हती म्हणून पाणी टाकत होती. वाफ नाकात शिरली की आतून पोळते, डोळे मिटावे लागतात. चौथं. खाली उतरून दाराबाहेर जाणं सोपं होतं, पण आम्ही लहान असल्यापासून जी आधी उठेल ती हरली, आणि मी पन्नाशीला आले तरी तार्यापुढे हरणं मला जमत नाही. पाचव्याला इम्पीच म्हणाली, "पुरे. आम्हाला शिजवून काढायचंय का? काय म्हणायचंय ते म्हण."

"इथे?" तार्या म्हणाली.

"हळू आवाजात म्हण. देव बहिरा नाही."

तार्या दगडांकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आगीतून उठून फुफाट्यात पडायची हौस आहे हिला. आईला काय झालं ते याच फळीवर बसून बघितलंय हिने. तरी."

मी म्हटलं, "मला नावं आठवत नाहीत, तार्या. परवा मी विष गव्हात सोडलं. मी डेलवर कप फेकते. मी त्या गाडीत बसलेल्या आईसारखी होत चाललेय."

"मग हो. मी झाले नाही? मेले का?"

"तू एकटी राहतेस," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर वाटलं की हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं होतं. तार्याने ओगराळं बादलीत सोडलं.

इम्पीने तोंडावरचा घाम पुसला. "हेल्वीने त्या गोळ्या याच चुलीत जाळल्या," ती म्हणाली. "तुझा फोन आला त्याच शनिवारी. डबी तशीच टाकली, घाण वास सुटला. मी इथेच बसले होते. मग ती दोन वर्षं पहिल्यासारखीच झाली. झोप नाही, काही नाही. मला फोन करून रडायची. तुम्हाला सांगू नको म्हणाली. पोरीला वाटेल तिचं चुकलं, म्हणाली." ती थांबून श्वास घेऊ लागली. "गोळ्यांनी गाठ आली का, मला विचारू नका. पलीकडच्या काठावरच्या लेंपीने जन्मात गोळी घेतली नव्हती, तीही छातीनेच गेली. मला एवढंच माहीत आहे की हेल्वी म्हणायची, ती आठ वर्षं माझी होती." मग तिने काठी शोधली. "मी बाहेर बसते. माझं डोकं फिरायला लागलं." दार उघडून मिटलं, गार हवेचा एक पट्टा पायांवरून गेला.

ती दोन वर्षं मला आठवली. ऑक्टोबरच्या सणाच्या जेवणाला आई पानावरून उठून गेली होती, दोन्ही वर्षी. मला वाटलं होतं माझ्यावर रुसली. मी डेलशी लग्न ठरवलं होतं आणि तो फिनिश नव्हता. मी मनात तिला कोती म्हटलं होतं. मी तिला मरणापासून वाचवलं नाही आणि वर तिच्या शेवटच्या चांगल्या दिवसांतली दोन वर्षंही एका फोनने काढून घेतली, आणि तिने बरं म्हटलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला दोनच प्रश्न विचारत आले होते, फोन आधी का केला नाही, आणि गोळ्या सुरूच का होऊ दिल्या. फोन केलाच का, हा तिसरा माझ्या यादीतच नव्हता. वाफेत माणूस रडतो की घामेजतो ते कळत नाही असं म्हणतात. कळतं.

"छाती बघून तरी," तार्या पुन्हा म्हणाली, पण आता तिच्या आवाजात धार नव्हती. "ती छाती बघून तुला धीर कसा होतो?"

"मी नाही बघितली," मी म्हटलं.

ऑपरेशननंतरचा पहिला शनिवार. आई दारातून आत आली, टॉवेल बाहेरच ठेवून, आणि वर चढण्याआधी आमच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "बघा एकदा, मग झालं." तिला तेवढंच हवं होतं, की हे एकदा बघून व्हावं आणि मग पुढचे शनिवार पूर्वीसारखे व्हावेत. इम्पीने बघितलं. तार्याने बघितलं. मी बादलीकडे बघितलं. बादलीला तांब्याचा पट्टा होता, त्यावर दोन खिळे होते, एक वाकडा. पुढची चार वर्षं मी दर शनिवारी तो वाकडा खिळा बघितला. आईच्या लक्षात आलं नसेल असं मी कधीच मानलं नाही. नंतर नंतर ती टॉवेल गुंडाळून यायला लागली.

दगड तडतडले. मग तार्या माझ्याकडे वळली आणि तिने न विचारता माझ्या छातीवर बोट ठेवलं, डावीकडे, काखेच्या खाली. "इथून," ती म्हणाली. बोट हळूहळू आलं, तिरकं, मध्याच्या हाडापर्यंत. "इथपर्यंत. सरळ नव्हतं. इथे जरा ओढल्यासारखं होतं. आणि खाली काहीच नव्हतं, नुसत्या बरगड्या, लहान मुलाच्या असतात तशा. रंग गुलाबी. भयंकर नव्हतं गं. तुला वाटतं तसं भयंकर नव्हतं." तिचं बोट तिथेच थांबलं. आई गेल्यापासून तार्याने मला हात लावल्याचं मला आठवत नाही. आमच्यात लावत नाहीत. मी म्हटलं, "परत दाखव." तिने परत दाखवलं.

बाहेरच्या खोलीत इम्पी टॉवेल पांघरून भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. मी दार उघडून पायरीवर उभी राहिले, अंगातून वाफा निघत होत्या. कातडी गार आणि कोरडी असावी लागते, पाकिटावर लिहिलं आहे. तळ्याच्या पलीकडे कुणाच्या तरी सौनाचा धूर सरळ वर जात होता. मला अजूनही भीती वाटत होती, मंगळवारी वाटली त्याहून कमी नाही. डॉक्टर मिशोंचे हजार आणि थोड्या जास्त जिथे होते तिथेच होते. पण मला मी परत हवी होते. किती वर्षांसाठी, हे कुणी सांगत नाही; आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. थंडी हाडांत शिरेपर्यंत थांबले, मग आत येऊन पिशवीतून नवी पट्टी काढली. तार्या अंग पुसत बघत होती.

"मला पटलेलं नाही हे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि दर शनिवारी मी बघणार. दोन्ही बाजू. टॉवेल गुंडाळून बसलीस तर ओढून काढीन."

"बरं," मी म्हटलं.

पट्टी लावून तळहाताने दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची असते. मी दाबून धरली आणि खांद्यावरचा टॉवेल खाली टाकला, दिव्याकडे तोंड करून उभी राहिले. "मग आजपासूनच बघ." तार्याने चष्मा चढवला, वाफेने धुरकट झालेला पुसून परत चढवला, आणि बघितलं, सावकाश, मी ताटातला गहू बघते तसं, एक एक दाणा. बादली पायाशीच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, तार्याच्या डोळ्यांकडे बघत दहा आकडे मोजले. आईने एवढंच मागितलं होतं, आणि तेही एकदाच.